एंटरप्राइझवर राहायचं कसं? जुन्या टीव्ही मालिकांतली अंतराळयानं आणि त्यांतलं रोजचं जगणं

एक यान, पाच वर्षांची मोहीम आणि साधारण ४३० माणसं. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतल्या एंटरप्राइझची एवढी ओळख पुरते. मूळ मालिकेचे ७९ भाग झाले. त्यांत लढाया झाल्या, कोर्ट मार्शल झालं, यानातल्या छोट्या प्रार्थनागृहात एक लग्न लागता लागता राहिलं. संडास मात्र त्या ७९ भागांत एकदाही दिसत नाही. हे वाचून हसू येईल, पण प्रश्न गंभीर आहे. शेकडो माणसं एका बंद यानात वर्षानुवर्षं जिवंत ठेवायची, शिवाय ती एकमेकांच्या जिवावर उठणार नाहीत हेही बघायचं, तर नक्की काय काय लागतं? त्यातलं मालिकेने काय दाखवलं, काय गाळलं आणि का गाळलं, हे एकदा नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

मालिकेचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या वाहिनीवर दाखवला गेला आणि शेवटचा ३ जून १९६९ रोजी. म्हणजे चंद्रावर माणूस उतरण्याआधी जेमतेम दीड महिना ती बंद पडली. आपल्याकडे १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ती लागायची. त्याच दशकाच्या शेवटी दूरदर्शनने ‘स्पेस सिटी सिग्मा’ ही स्वतःची अंतराळ मालिका काढली, तेव्हा यानातलं गोलसर नियंत्रण कक्षाचं दृश्य आपल्या प्रेक्षकांना ओळखीचं झालेलं होतं.

माझं मत आधीच सांगतो. यंत्र म्हणून एंटरप्राइझ कित्येक बाबतींत अशक्य आहे. पण माणसांनी राहायची जागा म्हणून तिचा जो विचार झाला तो फार शहाणपणाचा होता, आणि खऱ्या अंतराळ संस्थांना त्यातल्या काही गोष्टी पुढे स्वतःच्या अनुभवातून शिकाव्या लागल्या.

विमानवाल्या माणसाचं यान

एंटरप्राइझचं रूप ठरवलं मॅट जेफरीज या कला दिग्दर्शकाने. दुसऱ्या महायुद्धात त्याने बॉम्बर विमानांवर काम केलेलं होतं, तो स्वतः वैमानिक होता आणि विमानांची चित्रंही काढायचा. मालिकेचा निर्माता जीन रॉडेनबेरी हाही युद्धात बी-१७ बॉम्बर आणि नंतर पॅन ॲमची प्रवासी विमानं चालवलेला माणूस. त्याने जेफरीजला काय हवं ते फारसं सांगितलंच नाही, काय नको ते सांगितलं. पंख नकोत, रॉकेटसारखा आकार नको, मागून ज्वाळा नि धूर नको.

जेफरीजने विचार केला तो दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या बाजूने. यानाचं बाहेरचं अंग त्याने जवळजवळ सपाट, गुळगुळीत ठेवलं. कारण साधं होतं. बाहेर लावलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी बिघडते आणि ती दुरुस्त करायला कुणाला तरी जीव धोक्यात घालून बाहेर जावं लागतं. यंत्रं आत ठेवली की माणूस आतूनच काम करू शकतो. आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या जोडणीसाठी आणि देखभालीसाठी अंतराळवीरांना अडीचशेहून जास्त वेळा पोशाख चढवून बाहेर पडावं लागलं आहे. प्रत्येक फेरी म्हणजे साधारण सहा-सात तासांचं थकवणारं काम. ते पाहिलं की जेफरीजचा हट्ट पटतो. यानात भिंतींच्या आत शिरून दुरुस्ती करायला जी तिरकी, अरुंद नळी दाखवली आहे तिला पुढे त्याचंच नाव पडलं.

दुसरा निर्णय इंजिनांचा. ज्या यंत्रात प्रचंड ऊर्जा खेळते त्याच्या शेजारी कुणी झोपू नये, म्हणून दोन्ही लांबट इंजिनं, म्हणजे नासेल, खांबांवर लांब नेऊन बसवली. माणसांची वस्ती पुढच्या तबकडीत. ही तबकडी आधी गोळा होती, ती चपटी होत होत आजच्या आकाराला आली. अणुइंजिनाच्या यानांची जी गंभीर आराखडाचित्रं अभियंत्यांनी काढली, त्यांतही माणसं आणि अणुभट्टी यांच्यात असंच अंतर सोडलेलं दिसतं. किरणोत्सार अडवायला जाड भिंत लागते आणि भिंतीला वजन असतं. अंतर मात्र जवळजवळ बिनवजनाचं मिळतं.

यानावरचा एनसीसी-१७०१ हा क्रमांकही विमानातूनच आला. अमेरिकेतल्या नागरी विमानांच्या नोंदणीत पूर्वी एनसी ही अक्षरं असत, आणि जेफरीजच्या स्वतःच्या जुन्या वॅको विमानावर ती होती. ३, ६, ८ आणि ९ हे आकडे त्याने मुद्दाम टाळले, कारण लांबून ते एकमेकांसारखे दिसतात.

हे सगळं ज्या मॉडेलवर चित्रित झालं ते सुमारे साडेतीन मीटर लांबीचं, लाकूड, प्लास्टिक आणि पत्र्याचं आहे. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात ठेवलेलं आहे. त्याची डावी बाजू अपुरी आहे, दिव्यांच्या तारा त्या बाजूने आत गेल्यामुळे. म्हणून बहुतेक वेळा यान आपल्याला उजव्या अंगानेच दिसतं.

माणशी किती जागा?

१९६८ साली मालिकेच्या निर्मितीवर निघालेल्या पुस्तकात यानाची मापं छापली गेली: लांबी ९४७ फूट, म्हणजे सुमारे २८९ मीटर, वजन एक लाख ९० हजार टन, आणि तबकडीचा व्यास ४१७ फूट, म्हणजे सुमारे १२७ मीटर. त्यावरून एक हिशेब मांडता येतो. १२७ मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा हजार चौरस मीटरच्या थोडं वर जातं. तबकडीच्या कडेची जाडी दोन मजल्यांची आहे, तेव्हा नुसते हे दोन मजले धरले तरी पंचवीस हजार चौरस मीटर होतात. ४३० माणसांत वाटले तर प्रत्येकी सुमारे ६३० चौरस फूट. मुंबईच्या उपनगरात एवढ्या जागेत अख्खं कुटुंब राहतं. यंत्रं, जिने, लिफ्ट, कोठारं यांना निम्मी जागा दिली तरी माणशी तीनशे फूट उरतात, आणि खालचा लांबट भाग आपण मोजलेलाच नाही.

आता त्याच नावाची खरी युद्धनौका घ्या. अमेरिकेची एंटरप्राइझ ही जगातली पहिली अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका १९६१ साली नौदलात आली. १९६४ साली तिने आणखी दोन अणुनौकांसोबत वाटेत इंधन न भरता ६५ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. लांबी ३४२ मीटर आणि विमानदलासकट माणसं पाच हजारांच्या आसपास. खलाशी तीन-तीन मजली बंकवर झोपायचे, आणि स्वतःचं असं ज्याला म्हणता येईल ते गादीखालचा कप्पा आणि एक लॉकर. अंतराळातली एंटरप्राइझ लांबीला थोडी कमी, पण माणसं दहावा हिस्सासुद्धा नाहीत.

ही उधळपट्टी वाटते का? मला नाही वाटत. नौदलाचा खलाशी काही महिन्यांनी बंदरात उतरतो. पाच वर्षं बाहेर राहणाऱ्या माणसाला दार लावून घेता येईल अशी खोली हवीच. मालिकेत अधिकाऱ्यांना स्वतंत्र केबिन आहेत: एक पलंग, एक टेबल, मध्ये जाळीदार आडोसा. कॅप्टन कर्क आणि त्याचा परग्रहावरचा अधिकारी स्पॉक यांच्या केबिन म्हणजे खरं तर एकच सेट. सामान आणि पडदे बदलायचे की खोली दुसऱ्याची. पण ते बदललेलं सामान लक्ष देऊन पाहा. स्पॉकच्या खोलीत लालसर उजेड, त्याच्या ग्रहाची शस्त्रं, मूर्ती. राहणाऱ्याने खोली आपलीशी केली आहे हे एका नजरेत कळतं. राखाडी भिंतींवर रंगीत दिव्यांचा उजेड टाकायची युक्ती छायाचित्रकार जेरी फिनरमनची. एनबीसीची मालक कंपनी आरसीए रंगीत टीव्ही विकत होती, त्यामुळे रंगांना वाहिनीचाही पाठिंबा होता.

कॉरिडॉर वाकडा आहे त्यालाही कारण आहे. सरळ कॉरिडॉर बांधला असता तर स्टुडिओची भिंत लगेच दिसली असती. वळणाच्या कॉरिडॉरमध्ये माणसं चालत राहतात आणि शेवट कधी दिसत नाही. सरकती दारं पडद्यामागची माणसं दोर ओढून उघडत, आणि त्या दारांचा आवाज नंतर भरला जाई.

ब्रिजबद्दल मात्र माझी तक्रार आहे. यानाचं नियंत्रण करणारी खोली तबकडीच्या अगदी माथ्यावर, सगळ्यात उघड्या जागी ठेवली आहे. आधुनिक युद्धनौकांत लढाई चालवायची खोली जहाजाच्या पोटात, पोलादाच्या आड असते. एंटरप्राइझच्या ब्रिजला तर बाहेर बघायला खिडकीसुद्धा नाही, सगळं पडद्यावर दिसतं, मग तिला माथ्यावर ठेवायची गरजच उरत नाही. खुर्च्यांना पट्टे नाहीत हा दुसरा दोष. तोफगोळा बसला की कॅमेरा तिरका होतो आणि नट एका बाजूला झोकून देतात. पण या खोलीची आतली मांडणी उत्तम आहे. मध्ये कॅप्टन, समोर यान चालवणारे दोघे, भोवती गोलाकार बाकीची कामं. मान वळवली की कॅप्टनला प्रत्येकाचा चेहरा दिसतो आणि आवाज न चढवता बोलता येतं.

पाय जमिनीवर कशामुळे?

मालिकेतली माणसं पृथ्वीवर चालतात तशी चालतात. कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे असं धरून चालायचं, ते कसं तयार होतं हे कुणी सांगत नाही. यामागे पैसा होता. दर आठवड्याला नटांना तारांवर लटकवून तरंगताना दाखवणं कोणत्याही बजेटला झेपलं नसतं. ट्रान्सपोर्टरचा जन्मही असाच झाला. एवढं मोठं यान दर भागात ग्रहावर उतरवणं महाग, म्हणून माणसं चमचमत अदृश्य होतात आणि खाली प्रकट होतात. छोटं उतरणारं यान, म्हणजे शटल, सुरुवातीला नव्हतंच. ऑक्टोबर १९६६ मधल्या ‘द एनिमी विदिन’ या भागात ट्रान्सपोर्टर बिघडतो आणि खाली अडकलेले लोक गारठून मरायला टेकतात, तरी शटल पाठवायचं कुणाच्या मनात येत नाही. पुढे एएमटी या खेळण्यातली मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने यानाची मॉडेल विकण्याच्या हक्कांच्या बदल्यात खऱ्या आकाराचं शटल बांधून दिलं, आणि जानेवारी १९६७ मध्ये ते पडद्यावर आलं.

खऱ्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाचा भास निर्माण करायचा एक मार्ग आपल्याला नक्की माहीत आहे. यान गरगर फिरवायचं. फिरत्या चाकाच्या आतल्या कडेला उभा असलेला माणूस सरळ रेषेत निसटू पाहतो, कड त्याला अडवते, आणि ती कडच त्याची जमीन होते. वेग आणि त्रिज्या जुळवली की वजन पृथ्वीइतकं भासतं. मिनिटाला दोन फेरे घ्यायचे असतील तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. चार फेरे चालत असतील तर ५६ मीटर पुरतात. फेरे वाढवले की यान लहान होतं, पण मान वळवली तरी डोकं गरगरतं, कारण कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय गोंधळून जातं.

एंटरप्राइझची तबकडी अशी फिरवली तर? त्रिज्या साडेत्रेसष्ट मीटर. मिनिटाला पावणेचार फेरे घेतले तर कडेला पृथ्वीइतकं वजन मिळेल. फक्त ‘खाली’ म्हणजे कडेच्या दिशेने. सगळ्या केबिन आडव्या पाडाव्या लागतील, कडेची भिंत जमीन होईल आणि अगदी मधल्या ब्रिजवर कॅप्टन तरंगत बसेल. यान फिरवायचं ठरवलं की त्याचा आकारच बदलतो, तो चाकाचा किंवा नळकांड्याचा होतो. १९९०च्या दशकातल्या ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेने आपलं स्थानक असंच फिरतं, लांबट नळकांड्यासारखं दाखवलं.

योगायोग बघा. ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली त्यानंतर चारच दिवसांनी जेमिनी ११ हे खरं यान उडालं. त्यातल्या कॉनरॅड आणि गॉर्डन या अंतराळवीरांनी ३० मीटरच्या पट्ट्याने आपलं यान दुसऱ्या एका यानाला बांधलं आणि दोन्ही हळूहळू फिरवली. निर्माण झालेलं ‘वजन’ अगदी नगण्य होतं, त्यांना ते जाणवलंसुद्धा नाही. पण यान फिरवून गुरुत्वाकर्षणाचा भास निर्माण करण्याचा अंतराळातला तो पहिला प्रयोग ठरला. त्यानंतर इतकी वर्षं लोटली तरी माणसांना राहण्यासाठी फिरतं यान कुणी बांधलेलं नाही. अंतराळ स्थानकावर हाडं आणि स्नायू टिकवायला रोज सुमारे दोन तास व्यायाम करणं हाच उपाय आहे.

गुरुत्वाकर्षणाचा दुसरा चेहरा म्हणजे वेग वाढतानाचा रेटा. शरीराला सोसेल अशा, पृथ्वीवरच्या वजनाइतक्याच रेट्याने प्रकाशाच्या वेगाच्या पाव हिश्शापर्यंत पोचायला सुमारे ८८ दिवस लागतील. तेच एका मिनिटात करायचं ठरवलं तर शरीरावर वजनाच्या सव्वा लाख पटींहून जास्त रेटा येईल. कॅप्टन हुकूम देतो, यान झेपावतं आणि टेबलावरचा कॉफीचा कप जागचा हलत नाही, त्या क्षणी मालिका भौतिकशास्त्राकडून सगळ्यात मोठं कर्ज घेत असते.

हवा, पाणी, जेवण

माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. ४३० माणसांना ३६० किलो. पाच वर्षांचे सुमारे ६६० टन. नासाच्या हिशेबाने वेष्टनासकट अन्न माणशी दिवसाला १.८ किलो धरतात, म्हणजे पाच वर्षांचे चौदाशे टन. दोन्ही मिळून दोन हजार टनांच्या आसपास. एक लाख ९० हजार टनांच्या यानात हा एक टक्क्याहून थोडासाच जास्त बोजा. म्हणजे हवा आणि शिधा सोबत नेणं अशक्य नाही! मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा आकडा इतका लहान येईल असं वाटलं नव्हतं.

पाण्याचं गणित वेगळं. आंघोळ, कपडे, भांडी धरून माणशी फक्त पन्नास लिटर धरले तर पाच वर्षांत ३९ हजार टन लागतात. यानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा. म्हणून पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरणं भागच आहे. अंतराळ स्थानकावर लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून त्यातलं ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा २०२३ साली गाठला गेला. पडद्यावर न दिसलेला तो संडास खऱ्या यानात सगळ्यात मोलाच्या यंत्रांपैकी एक ठरतो.

ऑक्सिजन देण्यापेक्षा कठीण काम म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढणं. प्रत्येक जण दिवसाला साधारण एक किलो बाहेर टाकतो, आणि हवेत त्याचं प्रमाण वाढलं की डोकं दुखतं, निर्णय चुकतात, शेवटी शुद्ध हरपते. अणुपाणबुड्यांत अमाइन नावाच्या रसायनाने हवा धुतात, स्थानकावर झिओलाइट नावाचे सच्छिद्र खडे हा वायू शोषून घेतात. शिवाय गुरुत्वाकर्षण नसलं की गरम श्वास वर जात नाही, झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवतीच साचतो. म्हणून प्रत्येक झोपायच्या कप्प्यात पंखा लागतो आणि तो थांबून चालत नाही. या पंख्यांमुळे खऱ्या स्थानकावर शांतता कधी नसते. ‘स्टार ट्रेक’च्या ध्वनी विभागाने हे बरोबर ओळखलं होतं. यानाच्या प्रत्येक भागात मागे एक मंद गुंजन आहे, आणि ब्रिजचं वेगळं, दवाखान्याचं वेगळं.

जेवणाची सोय म्हणजे भिंतीतला एक छोटा कप्पा. रंगीत कार्ड घालायचं, झडप वर जाते, ताट हजर. पण मालिका इथे गमतीशीर विसंगत आहे, कारण यानात स्वयंपाकघर आणि आचारीही आहे. ‘चार्ली एक्स’ या भागात थँक्सगिव्हिंगचा सण असतो. कृत्रिम मांस खावं लागणार असेल तर निदान ते त्या सणाला खातात त्या टर्की पक्ष्यासारखं दिसू दे, असं कर्क आचाऱ्याला सांगतो. आचाऱ्याचा फक्त आवाज ऐकू येतो, आणि तो खुद्द रॉडेनबेरीचा आहे. सणाला ताटात काय हवं हे कॅप्टन स्वतः बघतो, हा तपशील मला फार खरा वाटतो. अणुपाणबुडी हवा आणि पाणी समुद्रातून अमर्याद बनवू शकते. तिला साधारण तीन महिन्यांनी परतावं लागतं ते अन्न संपतं म्हणून. आणि जेवणात तोचतोचपणा आला की अंतराळवीर कमी खाऊ लागतात, वजन घटतं.

एकत्र बसायची जागा

एंटरप्राइझवर करमणुकीची खोली आहे. तिथे स्पॉक वाद्य वाजवतो, संपर्क अधिकारी उहुरा गाते, त्रिमितीय बुद्धिबळाचे डाव रंगतात. व्यायामशाळा आहे. बोलिंग ॲलीचा उल्लेख येतो. यान चालवणारा सुलू झाडं वाढवतो, आणि त्यातलं एक हात घातलेला हातमोजा आहे हे लपत नाही. बैठकीची खोलीच सामान हलवून करमणुकीची खोली किंवा प्रार्थनागृह व्हायची. पण महत्त्वाचं हे की लिहिणाऱ्यांना अशा जागा असाव्यात असं वाटलं. त्या वेळच्या खऱ्या यानांत, जेमिनीत, दोन माणसं चौदा दिवसांपर्यंत शेजारी शेजारी खुर्चीतच बसून राहिली होती.

नासाचं पहिलं अंतराळ स्थानक स्कायलॅब १४ मे १९७३ रोजी उडालं. त्याच्या अंतर्गत रचनेसाठी रेमंड लोवी या प्रसिद्ध डिझायनरचा सल्ला घेतला होता. अभियंत्यांना खिडकी म्हणजे नसतं ओझं आणि धोका वाटत होता. लोवीने खिडकीचा आग्रह धरला, प्रत्येकाला झोपायला स्वतंत्र कप्पा मागितला आणि तिघा अंतराळवीरांनी एकत्र बसून जेवावं असं टेबल सुचवलं. टेबल त्रिकोणी होतं, त्यामुळे कुणीच मुख्य जागी बसत नसे. वीर मोकळा वेळ त्या खिडकीपाशीच घालवू लागले. तिथे शॉवरही होता, कापडी नळकांड्याचा, पण उडालेला थेंब न् थेंब ओढून घेण्यात इतका वेळ जाई की तो त्रासदायकच ठरला. आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकावर ओल्या टॉवेलनेच अंग पुसतात.

सोव्हिएत बाजूला हेच काम गालिना बालाशोवा या वास्तुविशारद स्त्रीने केलं. सोयुझ यानाचा राहायचा कप्पा तिने १९६०च्या दशकात आखला, पुढे साल्युत आणि मीर स्थानकांचा अंतर्भागही. वजनरहित अवस्थेत वर-खाली कळत नाही आणि त्याने मळमळतं, म्हणून तिने तळ गडद आणि छत फिकट रंगवायला लावलं. शरीराला न कळणारी दिशा डोळ्यांना कळावी, एवढ्यासाठी. भिंतीवर लावायला स्वतः काढलेली जलरंगातली निसर्गचित्रंही तिने दिली. हे नाव शाळेच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या मालिकांबद्दल थोडक्यात. १९६५च्या ‘लॉस्ट इन स्पेस’मधलं कुटुंबाचं यान बाहेरून जेवढं दिसतं त्यात आतले दोन मजले मावतच नाहीत. ‘स्टार ट्रेक’नंतर नऊ दिवसांनी सुरू झालेल्या जर्मन ‘राउमपात्रुये’ मालिकेत नियंत्रण फलकावर चक्क कपड्यांची इस्त्री बसवलेली आहे. ब्रिटिश ‘स्पेस: १९९९’मधलं ईगल हे यान मात्र अभ्यासण्यासारखं. ब्रायन जॉन्सनने ते जेफरीजच्या उलट विचाराने रचलं: सांगाडा, नळ्या, टाक्या सगळं बाहेर उघडं, आणि मधला कप्पा कामानुसार बदलता येणारा. माणसांना चंद्रावर उतरवणाऱ्या खऱ्या यानाच्या ते जास्त जवळचं आहे. हवा नाही तिथे गुळगुळीत आवरणाचा प्रवासाला उपयोग नसतो.

न दाखवलेली अडचण: उष्णता

एंटरप्राइझवर सगळ्यात ठळक उणीव कोणती, असं विचारलं तर मी संडासाचं नाव घेणार नाही, उष्णता बाहेर टाकणाऱ्या फलकांचं, म्हणजे रेडिएटरचं घेईन. अंतराळ थंड असतं म्हणून यान आपोआप थंड राहील हा समज चुकीचा आहे. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते म्हणून चहा तासन्‌तास गरम राहतो. यानाभोवती तशीच, पण अमर्याद पोकळी आहे. उष्णता वाहून न्यायला हवा नाही, पाणी नाही. ती फक्त प्रारणाच्या रूपाने, म्हणजे न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या रूपाने हळूहळू निसटते. अंतराळ स्थानकाचे मोठे पांढरे रेडिएटर अमोनिया फिरवून सुमारे ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकतात.

४३० माणसं नुसती बसली तरी प्रत्येकी शंभर वॅटच्या हिशेबाने ४३ किलोवॅट उष्णता देतात. एवढी निभावून जाईल. खरा प्रश्न इंजिनाचा. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या एका अणुसंचातूनच एक गिगावॅटहून जास्त उष्णता वाया जाते आणि ती अरबी समुद्र पोटात घेतो. अंतराळात एक गिगावॅट उष्णता खोलीच्या तापमानाच्या पृष्ठभागावरून टाकायची तर बावीस लाख चौरस मीटर, म्हणजे दोन चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र लागेल. पृष्ठभाग तापवून १००० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे सुमारे ७२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेला तर सतरा-अठरा हजार चौरस मीटर पुरतात, कारण तापमान तिपटीहून थोडं जास्त झालं की उत्सर्जन शंभर पटींहून वाढतं. अशा तापमानाला धातू लाल दिसू लागतो. एंटरप्राइझच्या नासेलची पुढची टोकं लालसर चमकतात. ती उष्णता फेकायची जागा आहे असं मालिकेत कुणी म्हटलेलं नाही, पण वस्तीपासून लांब, खांबांवर, तप्त आणि चमकणारी ही रचना खऱ्या रेडिएटरसाठी अगदी योग्य ठरली असती.

१९७५ साली फ्रान्झ जोसेफ या विमान उद्योगातून निवृत्त झालेल्या अभियंत्याने एंटरप्राइझचे मजल्यामजल्याचे नकाशे काढून प्रसिद्ध केले आणि ते प्रचंड खपले. बोलिंग ॲलीसुद्धा त्यात जागेवर आहे.

जुने भाग आता बघायला घेणार असाल तर राहणीमान टिपायला ‘चार्ली एक्स’पासून सुरुवात करा. स्वयंपाकघर, व्यायामशाळा आणि करमणुकीची खोली तिन्हींचा माग त्याच एका भागात लागतो. मग ‘बॅलन्स ऑफ टेरर’ घ्या, लग्नाने सुरू होणारा आणि पुढे पाणबुडीच्या लढाईसारखा श्वास रोखायला लावणारा. आणि तिसरा ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’: केसाळ गोंडस प्राणी भराभर वाढत हवेच्या नळ्यांतून जेवणाच्या यंत्रात शिरतात आणि कर्कच्या चिकन सँडविचवर येऊन बसतात. बंद यानात एका ठिकाणचं बिघडलेलं दुसरीकडे कसं पोचतं, हे इतक्या हसऱ्या रीतीने दुसऱ्या कुठल्या भागात सांगितलेलं मला आठवत नाही.